ब्लॅकजॅकच्या टेबलावर बसण्यापूर्वी : नवख्यांसाठी नियम, डाव आणि पैशाचा हिशेब

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला कॅसिनोत ब्लॅकजॅक खेळायचे असेल, तर त्याला बहुधा गोव्याचीच गाडी धरावी लागते. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा संमत केला होता. परंतु तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दच करण्यात आला. गंमत अशी की, त्याच १९७६ साली गोव्यातही सार्वजनिक जुगाराला आळा घालणारा कायदा झाला, आणि पुढे १९९२ व १९९६ मधील दुरुस्त्यांनी त्यातच पंचतारांकित हॉटेलांना आणि पाण्यावरील जहाजांना मुभा देण्यात आली. पणजीला मांडवीच्या पात्रात उभी असलेली ती जहाजे हीच आपल्याकडच्या बहुतेक नवख्यांची पहिली शाळा असते.

ऐरोलीच्या एका कंपनीत काम करणारा माझा भाचा आणि त्याचे चार सहकारी पावसाळी सहलीला निघाले, तेव्हा "मामा, आम्हाला निदान फजिती होणार नाही एवढे तरी शिकवा" असे म्हणत ते माझ्या ठाण्याच्या घरी येऊन बसले. त्या दोन संध्याकाळी जे सांगितले, तेच येथे व्यवस्थित लिहून काढले आहे. आपण जिंकाल असे आश्वासन यात कोठेही नाही; टेबलावर बसण्याआधीच त्या संध्याकाळची किंमत आपल्याला काढता यावी, एवढाच या लेखाचा रोख आहे.

पत्त्यांची मोजणी

बेरीज एकवीसच्या वर जाऊ न देता डीलरवर, म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्यावर, मात करायची असा हा खेळ; बेरीज एकवीसच्या वर गेली की तो हात, म्हणजे आपल्याकडचे पत्ते, बुडाला. खेळ नेहमीच्या बावन्न पत्त्यांचा असून जोकर बाजूला काढलेले असतात. कॅसिनोत मात्र एक कॅट पुरत नाही. सहा किंवा आठ कॅट एकत्र पिसून, म्हणजे ३१२ किंवा ४१६ पत्ते, ‘शू’ नावाच्या पेटीत ठेवतात आणि तिच्यातून एकेक पत्ता ओढून वाटतात. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर या भेदाला येथे काही अर्थ नाही आणि हुकूमही नसतो. दुर्रीपासून दश्शीपर्यंतच्या पत्त्यांची किंमत त्यांच्या अंकाइतकी, गुलाम, राणी आणि राजा यांची प्रत्येकी दहा, आणि एक्क्याची किंमत सोयीप्रमाणे एक किंवा अकरा धरतात.

मेंढीकोट खेळलेल्या वाचकाला दश्शीचे महत्त्व वेगळे सांगायला नको, कारण तेथे साऱ्या खेळाचा जीव चार मेंढ्यांत असतो. ब्लॅकजॅकमध्ये दहाच्या किमतीचे पत्ते चार नसून सोळा असतात. म्हणजे न दिसणारा कोणताही पत्ता दहाचा असण्याची शक्यता तेरात चार एवढी असते. हा एक अपूर्णांक लक्षात ठेवावा, कारण पुढचे बरेचसे शहाणपण त्यातूनच निघते.

एक्का अकरा धरूनही बेरीज एकवीसच्या आत राहत असेल, तर त्या हाताला ‘सॉफ्ट’ म्हणतात. एक्का आणि छक्की हा सॉफ्ट सतरा झाला. त्यावर राजा आला तरी एक्का एकाचा धरता येतो आणि हात सतरावरच राहतो, बुडत नाही. एक्का नसलेला किंवा एक्का एकाचाच धरावा लागणारा हात ‘हार्ड’. पहिल्या दोनच पत्त्यांत एक्का आणि दहाचा पत्ता आला, तर तो खरा ब्लॅकजॅक. तीन किंवा अधिक पत्त्यांनी झालेल्या एकवीसपेक्षा तो श्रेष्ठ असतो. सहा कॅटच्या खेळात तो साधारण एकवीस डावांतून एकदा येतो.

एक डाव कसा चालतो

अर्धवर्तुळाकार टेबलाभोवती सहासात जण बसलेले असले, तरी प्रत्येकाचा सामना फक्त डीलरशी असतो. शेजाऱ्याच्या हाताशी आपले काही देणेघेणे नसते. आपल्यासमोरच्या वर्तुळात चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, ठेवल्या की आपण त्या डावात आहोत, आणि पत्ते वाटायला सुरुवात झाल्यावर त्या चिप्सना पुन्हा हात लावायचा नसतो. प्रत्येकाला दोन उघडे पत्ते मिळतात. डीलर स्वतःकडे एक पत्ता उघडा ठेवतो. दुसरा तो काही ठिकाणी लगेच पालथा ठेवतो, तर काही ठिकाणी सर्वांचे खेळून झाल्यावरच घेतो.

यानंतर प्रत्येक खेळाडूपुढे क्रमाने पर्याय येतात. आणखी पत्ता मागणे म्हणजे हिट आणि आहे त्यावर थांबणे म्हणजे स्टँड. ‘डबल’ करताना मूळ रकमेइतक्याच चिप्स शेजारी ठेवायच्या आणि त्याबदल्यात फक्त एकच पत्ता घ्यायचा. दोन्ही पत्ते सारख्या किमतीचे असतील, तर दुसऱ्या हातासाठी तेवढीच रक्कम मांडून त्यांचे दोन स्वतंत्र हात करता येतात, हे ‘स्प्लिट’. दोन एक्के वेगळे केले, तर बहुधा प्रत्येकावर एकच पत्ता मिळतो, आणि तो दहाचा आला तरी ते साधे एकवीस धरले जाते. काही टेबलांवर ‘सरेंडर’, म्हणजे अर्धी रक्कम सोडून हात टाकून देण्याची सोय असते.

सर्वांचे झाले की डीलर आपला हात पुरा करतो. त्याला स्वतःची मर्जी नसते: सोळा किंवा कमी असेल तर पत्ता घ्यायचा आणि सतरा झाले की थांबायचे, हे त्याच्यावर बंधनकारक असते (काही टेबलांवरचा सॉफ्ट सतराचा अपवाद पुढे येतो). त्याची बेरीज एकवीसच्या वर गेली, तर तोवर टिकून राहिलेले सगळे जिंकतात. आपली बेरीज त्याच्यापेक्षा जास्त असेल तर लावल्याइतकी रक्कम मिळते, समान असेल तर ‘पुश’, म्हणजे आपले पैसे आपल्याकडेच राहतात.

येथे नवख्यांचा एक मोठा गैरसमज होतो. एकवीसच्या जास्तीत जास्त जवळ जाणे हेच उद्दिष्ट आहे असे त्यांना वाटते आणि ते पत्ते मागत सुटतात. वास्तविक डीलरला हरवणे एवढेच काम असते, आणि ते बारावर थांबूनही साधते, कारण डीलर शंभरांतून सुमारे अठ्ठावीस वेळा स्वतःच बुडतो. मग कॅसिनो कमावतो कशावर? आपण आधी खेळतो यावर. आपली बेरीज एकवीसच्या वर गेली की चिप्स त्याच क्षणी उचलल्या जातात आणि त्यानंतर डीलरही बुडाला, तरी त्या परत मिळत नाहीत. घराचा, म्हणजे कॅसिनोचा, सारा फायदा या एका क्रमात दडलेला आहे.

टेबलावर बोलण्यापेक्षा खुणांना महत्त्व असते, कारण वरचे कॅमेरे खुणाच टिपतात. पत्ता हवा असेल तर बोटाने टेबलावर टिचकी द्यावी, नको असेल तर तळहात पालथा धरून आडवा हलवावा. डबलसाठी एक बोट आणि स्प्लिटसाठी दोन बोटे दाखवतात. उघड्या वाटलेल्या पत्त्यांना स्पर्श करायचा नसतो. पहिल्या वेळी मी घरच्या सवयीने दोन्ही पत्ते उचलून छातीशी धरले होते, तेव्हा डीलरने अत्यंत सौजन्याने ते परत ठेवायला सांगितले आणि सारे टेबल हसले. चिप्स घेतानाही नोटा डीलरच्या हातात न देता टेबलावर ठेवाव्यात.

बसण्याआधी टेबल वाचावे

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका याकडेच कोणी लक्ष देत नाही. हिरव्या कापडावर आणि शेजारच्या लहान पाटीवर त्या टेबलाचे नियम छापलेले असतात. त्यांत प्रथम पाहायचे ते ब्लॅकजॅकला मिळणारे प्रमाण. जुना आणि रास्त नियम दोनास तीन असा आहे: हजार रुपयांच्या ब्लॅकजॅकवर दीड हजार मिळतात. काही टेबलांवर हे प्रमाण पाचास सहा असते, म्हणजे त्याच हातावर बाराशेच मिळतात. तीनशेचा फरक किरकोळ वाटतो. परंतु तासाभरात साठ डाव झाले आणि त्यांत सरासरी तीनदा ब्लॅकजॅक आला, तर नऊशेच्या आसपास रुपये केवळ या छपाईमुळे गेले. टक्केवारीत सांगायचे तर घराचा फायदा यामुळे सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो, आणि चांगल्या टेबलावर नीट खेळणाऱ्याविरुद्ध मुळात तो अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असतो. म्हणून पाचास सहाच्या टेबलावर बसूच नये, मग तेथील किमान रक्कम कितीही कमी असो.

दुसरी ओळ सॉफ्ट सतराची. डीलर सर्व सतरांवर थांबत असेल तर ते आपल्या हिताचे. सॉफ्ट सतरावर तो आणखी पत्ता घेत असेल, तर घराला सुमारे ०.२ टक्के जादा मिळतात. तिसरी गोष्ट डीलरच्या दुसऱ्या पत्त्याची. तो शेवटी घेतला जात असेल, तर डबल किंवा स्प्लिटसाठी मांडलेली जादा रक्कमही डीलरच्या ब्लॅकजॅकसमोर जाते का, हे आधीच विचारून घ्यावे. असे विचारण्यात कमीपणा काहीच नाही. भाजी घेताना आपण भाव विचारतोच.

कोणत्या हातावर काय करावे

या खेळात अंदाजाला फारसा वाव नाही. अमेरिकी लष्करात असलेल्या रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मेझेल आणि जेम्स मॅकडरमॉट या चौघांनी टेबलावरच्या गणकयंत्रांवर महिनोन्महिने आकडेमोड करून प्रत्येक हातासाठी सर्वांत कमी नुकसानीचा निर्णय काढला आणि तो १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. आज ‘बेसिक स्ट्रॅटेजी’ म्हणून जो तक्ता फिरतो, त्याचे मूळ तेथे आहे.

तक्ता पाठ होईपर्यंत निदान त्यामागचा विचार समजून घ्यावा. डीलरचा उघडा पत्ता दुर्री ते छक्की असेल तर तो अडचणीत असतो; पंजी किंवा छक्की असताना तो शंभरांतून सुमारे बेचाळीस वेळा बुडतो. अशा वेळी आपल्याकडे हार्ड बारा ते सोळा असतील, तर थांबावे आणि बुडण्याची पाळी त्याच्यावर येऊ द्यावी. बाराला दोनच अपवाद आहेत: समोर दुर्री किंवा तिर्री असेल तर पत्ता घ्यावा. याउलट डीलरकडे सत्ती ते एक्का यांपैकी काही असेल, तर सतरा होईपर्यंत पत्ते घेत राहावे.

माझ्या भाच्याचा सारा वाद येथे होता. सोळावर पत्ता घेतला तर तेरांतील आठ पत्ते आपल्याला बुडवतात, हे त्याने बरोबर मोजले होते, आणि म्हणून डीलरच्या राजासमोर थांबणेच शहाणपणाचे असा त्याचा आग्रह होता. परंतु दहाचा पत्ता समोर असताना डीलर शंभरांतून जेमतेम एकवीस-बावीस वेळाच बुडतो आणि एरवी सतरा किंवा त्याहून मोठी बेरीज करून आपल्या सोळावर मात करतो. दोन्ही मार्ग वाईटच आहेत; पत्ता घेणे किंचित कमी वाईट आहे. ब्लॅकजॅकमधील निम्मे निर्णय असेच दोन वाइटांतून निवडण्याचे असतात, आणि पत्ता घेऊन बुडालेल्या माणसाला मूर्ख ठरवणारा शेजारी जवळजवळ प्रत्येक टेबलावर भेटतो. त्याच्याकडे दुर्लक्ष करावे.

हार्ड सतरा किंवा अधिक असेल तर नेहमी थांबावे. अकरावर डबल करावे, फक्त समोर एक्का असेल तर साधा पत्ता घेणे बरे. दहावर डीलरकडे नव्वीपर्यंत काहीही असताना डबल करावे आणि नऊवर तिर्री ते छक्की असतानाच. सॉफ्ट सतरा किंवा कमी असेल, तर कधीही थांबू नये, कारण एका पत्त्याने तो हात बुडूच शकत नाही. सॉफ्ट अठराचे जरा नाजूक आहे: दुर्री, सत्ती, अठ्ठी यांसमोर थांबावे, तिर्री ते छक्की असल्यास डबल करावे, नव्वी, दहाचा पत्ता किंवा एक्का असल्यास पत्ता घ्यावा. सॉफ्ट एकोणीसवर थांबावे.

जोड्यांत एक्के आणि अठ्ठ्या वेगळ्या कराव्यात. दहाचे पत्ते आणि पंज्या कधीही करू नयेत. हातात आलेले वीस मोडून दोन राजे वेगळे करणारा उत्साही माणूस मी एकदा पाहिला. त्याला पुढचा तासभर कोणीच सल्ला दिला नाही. दुर्री, तिर्री आणि सत्तीच्या जोड्या डीलरकडे दुर्री ते सत्ती असताना, तर छक्क्या दुर्री ते छक्की असताना वेगळ्या कराव्यात. डीलर दुसरा पत्ता शेवटी घेऊन जादा रक्कमही उचलणार असेल, तर त्याच्या दहाच्या पत्त्यासमोर किंवा एक्क्यासमोर अकरावर डबल करणे आणि अठ्ठ्या वेगळ्या करणे टाळावे.

इन्शुरन्स आणि इतर आमिषे

डीलरचा उघडा पत्ता एक्का असला की तो ‘इन्शुरन्स’ घेणार का, असे विचारतो. मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत जादा रक्कम लावायची आणि डीलरचा ब्लॅकजॅक निघाला, तर तिच्यावर दुप्पट मिळवायची, असा हा प्रकार आहे. नाव विम्याचे असले तरी ही निव्वळ वेगळी पैज आहे. आधीचा अपूर्णांक येथे कामाला येतो. हजार रुपयांच्या हातावर तेरा वेळा पाचशेचा इन्शुरन्स घेतला, तर सरासरी चार वेळा हजार मिळतात, म्हणजे चार हजार. नऊ वेळा पाचशे जातात, म्हणजे साडेचार हजार. साडेसहा हजार लावून पाचशेची खोट, म्हणजे सुमारे ७.७ टक्के. आपल्याकडे ब्लॅकजॅक असताना ‘इव्हन मनी’, म्हणजे दीडपटीऐवजी लावल्याइतकीच रक्कम लगेच, देऊ करतात, तेही याच मालाचे दुसरे वेष्टन. दोहोंना नकार द्यावा. जोडी येईल किंवा तीन पत्त्यांचा रंग जुळेल अशा साइड बेट्सबाबतही हेच. बक्षिसाचा आकडा मोठा असतो, घराचा वाटा त्याहून मोठा.

वाटून गेलेल्या पत्त्यांची मोजदाद करून घरावर मात करता येते हे एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने १९६० च्या दशकात दाखवून दिले, हे खरे. परंतु वापरलेले पत्ते सतत परत घेऊन पिसणारे यंत्र टेबलावर असेल, तर त्या विद्येचा काही उपयोग नाही.

किती पैसे लावावेत

आकडे असे आहेत: नीट खेळूनही शंभर डावांपैकी साधारण त्रेचाळीस आपण जिंकतो, एकोणपन्नास हरतो आणि आठ बरोबरीत जातात. ही तूट ब्लॅकजॅकच्या दीडपटीने आणि योग्य वेळी केलेल्या डबल-स्प्लिटने बहुतांशी भरून निघते. हजार रुपयांप्रमाणे तासाला साठ डाव खेळल्यास साठ हजारांची उलाढाल होते आणि अर्ध्या टक्क्याने तिची सरासरी किंमत तीनशे रुपये पडते. पाचास सहाच्या टेबलावर तीच अकराशेच्या वर जाते. परंतु सरासरी ही सरासरीच. साठ डावांत आठ-नऊ हजार इकडे किंवा तिकडे होणे अगदी सामान्य आहे, म्हणून त्या संध्याकाळसाठी किमान रकमेच्या चाळीसपट तरी पैसे वेगळे काढता येत नसतील, तर अधिक स्वस्त टेबल शोधावे. ते पैसे घराच्या हप्त्याचे किंवा उसने नसावेत हे ओघाने आलेच.

हरल्यावर रक्कम दुप्पट करत जाण्याची युक्ती प्रत्येकाला स्वतःची वाटते. पाचशेपासून सुरुवात करून सलग सात डाव हरल्यास ६३,५०० रुपये गेलेले असतात आणि आठव्या डावाला ६४,००० लावावे लागतात, तेही एकूण पाचशे रुपये जिंकण्यासाठी. त्याआधीच बहुधा टेबलाची कमाल मर्यादा आडवी येते. रक्कम पूर्ण वेळ तीच ठेवावी. मद्य प्रवेशाच्या पॅकेजात धरलेले असले तरी खेळ संपल्यावर घ्यावे.

चिप्स, कर आणि परतीचा हिशेब

आतापर्यंत अर्ध्या टक्क्याची चर्चा केली. आता मोठा आकडा. कॅसिनोत चिप्स घेताना मोजलेल्या पूर्ण रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी लागू झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला आहे. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्यास त्यांवर तो नव्याने लागत नाही. दिलेल्या दहा हजारांतच कर धरला, तर सुमारे ७,१४० रुपयांच्याच चिप्स हाती येतात, आणि ही खोट कोणत्याही तक्त्याने भरून निघणारी नाही. म्हणून काउंटरवर एकच प्रश्न स्पष्ट विचारावा: "दहा हजार दिले, तर रोख करून घेता येतील अशा किती रुपयांच्या चिप्स मिळतील?" प्रवेशाच्या पॅकेजातील चिप्स अनेकदा एकदाच लावण्यापुरत्या असतात, त्या थेट वटवता येत नाहीत.

गोव्यातील कॅसिनोत खेळायला वयाची एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवावे. सरावासाठी मोबाइलवर पैसे लावण्याच्या फंदात पडू नये. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशाच्या ऑनलाइन खेळांना बंदी आहे. आम्ही जांभळी नाक्यावरून सहा कॅट आणले आणि चिप्स म्हणून चिंचोके वापरले. दोनशे डाव झाल्यावर भाच्याकडील शंभर चिंचोक्यांचे एकोणऐंशी उरले होते आणि सोळावर टिचकी देताना त्याचा हात अडखळत नव्हता.

उठताना लहान चिप्स डीलरकडे सरकवून त्यांच्या मोठ्या करून घ्याव्यात, टिप द्यायची असल्यास तेव्हाच द्यावी आणि मग कॅश काउंटरवर जावे. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर व त्यावरील उपकर लागतो, आणि शनिवारची हार रविवारच्या जिंकण्यातून वजा करता येत नाही. त्यामुळे काउंटरवर मिळालेली पावती विवरणपत्र भरेपर्यंत जपून ठेवावी.